मागच्या खोलीतली पोती

प्रिय अव्या,

आठ महिने पत्र नाही, फोन आला तोही दोन वाक्यांत आटोपला. त्याबद्दल काय बोलायचं ते बोलून घे, मी ऐकतो. पण आत्ता रात्रीचा एक वाजलाय आणि मी दिवा लावून लिहायला बसलोय. सुमनला उठवून सांगितलं, तर म्हणाली, "उंदीर असतील, झोपा." उंदीर नव्हते रे. इनामगाव होतं, घोड नदीकाठचं ते तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव, जिथे आपण दोघं खणायला गेलो होतो.

तब्येत बरी आहे. बीपीची गोळी चालू, गुडघा कुरकुरतो. असो.

पाणी वापर संस्थेचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं, ते तुला सांगितलं होतंच. चारीवर पाणी सोडणारा पाटकरी आहे रामा. त्याचा पगार संस्थेनं द्यायचा आणि संस्थेकडे पैसा नाही, कारण निम्म्या लोकांची पाणीपट्टी थकलेली. मग सभेत ठरलं, की यंदा प्रत्येकानं एकरी दोन पायल्या ज्वारी घालायची, पूर्वीच्या बलुत्यासारखी. रामाचं भागेल, उरेल ती अडीअडचणीला. ठेवायची कुठे? संस्थेला ना ऑफिस ना गोदाम. आमची मागची खोली आबा गेल्यापासून रिकामीच होती. मीच म्हणालो, ठेवा आमच्याकडे. मळण्या उरकल्या तशी पोती येत गेली. आज सदतीस झाली.

मघाशी पाणी प्यायला उठलो, तर त्या खोलीचं दार उघडं दिसलं. लावायला गेलो आणि पोत्यांची ती थप्पी बघून तिथेच उभा राहिलो. मनात खोल्या मोजल्या. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, आमची झोपायची आणि ही. पाच. पाच खोल्यांचं घर, गावाच्या मधोमध, आणि घरालगत कोठार. अव्या, हे मी दुसऱ्या कुणाला सांगू?

इनामगावच्या अशाच घरात तो मडक्यातला माणूस आपण जायच्या आधीच सापडला होता. आपण फक्त फोटो पाहिला. चार पायांचं ते मातीचं मोठं मडकं, आत मांडी घालून बसवलेला चाळिशीचा पुरुष. बाकी मोठ्या माणसांना पुरताना पाय घोट्यातून तोडलेले, याचे मात्र शाबूत. त्या फोटोवरून तू आणि मी घोड नदीच्या काठावर, कंदिलाच्या उजेडात, जेवणाची ताटं वाळेपर्यंत भांडलो होतो. तू म्हणालास, हा वसुली करणारा. लोक धान्य आणून टाकतात, हा बसून खातो, मेल्यावरही याचा थाट वेगळा. मी म्हणालो, नाही, हा राखणारा. दुष्काळात पोरं मरत होती, पोरं पुरलेल्या किती मडक्यांच्या जोड्या आपण स्वतःच्या हातांनी उघडल्या, तोंडाला तोंड लावलेल्या. अशा गावात कुणीतरी एकानं धान्य सांभाळायलाच हवं. तू मला "पाटलाचा पोरगा" म्हणालास. ते मला फार लागलं होतं. आज सांगतोय, कारण आज ते पुन्हा लागलं.

नुसती पोती असती तर मी झोपलो असतो. खरी गोष्ट काल दुपारची. तानूकाकू आली होती. तू खाल्लायस तिच्या हातचा खरवस, आणि शिव्याही. ही बाई चाळीस वर्षं मागच्या दारानं सरळ चुलीपाशी येते, "मेल्या, आहेस का?" असं ओरडत. काल ती पुढच्या दारानं आली. चपला पायरीखाली काढल्या आणि ओटीवर खुर्ची असताना जमिनीवर बसली. म्हणाली, "अध्यक्षसाहेब, माझ्या दोन पायल्या वहीत लिहिल्या का? आता पाणी मिळंल ना?"

साहेब! तिचा एक एकर टेलला, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाला आहे. गेल्या पाळीला पाणी तिच्यापर्यंत पोचलंच नाही, वरच्यांनी रात्री दारं मोडून घेतलं. तो दोष ना तिचा, ना तिच्या पायलीचा. शेजपाळीत, म्हणजे पाणी द्यायच्या ठरलेल्या क्रमात, तिचा नंबर आहे तो आहे, ज्वारी दिली काय, नाही दिली काय. पण तिच्या डोळ्यांत मी वाचलं ते असं, की पाणी आता धरणातून येत नाही, माझ्या घरातून सुटतं. मी म्हणालो, "काकू, वर बस." ती बसली नाही.

त्या वहीचंही सांगतो. साधी दोनशे पानी. नाव, एकर, पायल्या, बाकी. पण ती उघडली की समोरचा माणूस गप्प होतो. मला ऊरुकच्या, आजच्या इराकमधल्या त्या जुन्या सुमेरी शहराच्या, मातीच्या पाट्या आठवल्या. इ.स.पू. 3300 च्या आसपास माणूस पहिल्यांदा लिहू लागला आणि काय लिहिलं त्यानं? बहुतेक पाट्यांवर हिशेब. जव किती, मेंढ्या किती, कुणाकडे किती. 29,086 मापं जव, 37 महिने, आणि खाली सही केल्यासारखं एक नाव, कुशिम. सर वर्गात म्हणाले होते, माणसाचं लिहिलेलं पहिलं नाव बहुधा हेच, आणि ते कोठारवाल्याचं. तू मागच्या बाकावरून ओरडला होतास, "म्हणजे पहिला साहित्यिक कारकूनच!" सगळा वर्ग हसला होता. कुशिमच्या दारात जमिनीवर कोण बसत असेल, हे तेव्हा आपल्याला सुचलंच नाही.

तुझं ते जुनं पालुपदही आठवलं, पाणी आलं की राजा आला. मी त्यावर पांझरेकाठचं तुझ्याच आजोळचं उदाहरण द्यायचो. गावानंच पाटाचं पाणी सांभाळून वाटायची फड पद्धत तीनशे वर्षं चालली, पंच गावातले, पाटकरी गावातला, त्याला धान्यही गावानंच घातलं, कोण राजा झाला? तू चिडायचास, कारण मामाच्या गावाविरुद्ध तुला बोलता येत नसे. पण हे पत्र लिहिताना मलाच एक गोष्ट खटकतेय. तिथलं धान्य पाटकऱ्याच्या घरी जायचं. माझ्या घरी रामाचं धान्य का आहे?

आता लगाशकडे बघ. लगाश आणि उम्मा, सुमेरमधलीच दोन शेजारी नगरं, बांधाला बांध. गुएदिनाच्या शेतजमिनीवरून आणि पाटाच्या पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या मारामाऱ्या. उम्मावाले वरच्या अंगाला, ते पाणी वळवायचे. त्यांच्यावर जवाचं देणं होतं, त्यावर व्याज चढत चढत आकडा एवढा फुगला की कुणाच्या बापाला फिटला नसता. आमच्या थकबाकीची यादी तुला पाठवली, तर तू म्हणशील हीच ती पाटी.

आणि त्याच लगाशमध्ये, इ.स.पू. 2350 च्या सुमारास, उरुकगिना राजा. हा आपला दोघांचाही लाडका, त्याच्यावरून आपण कधीच भांडलो नाही. त्याच्या आधी काय चालायचं ते त्यानं लिहून ठेवलं. नावांवरचा अधिकारी नावा घेतो, मेंढ्यांवरचा मेंढ्या घेतो, देवाचे बैल राजाच्या कांद्याच्या वाफ्यात राबतात. माणूस मेला तर पुरणारा 7 घागरी बियर आणि 420 भाकरी मागतो. यानं ते 3 घागरी आणि 80 भाकरींवर आणलं. विधवा आणि पोरका बलवानाच्या हाती देणार नाही, असा निनगिरसू देवाशी करार केला. अमारगी, तो शब्द आठवतो? सुटका, पण शब्दशः आईकडे परतणं. तू तो वहीच्या पुठ्ठ्यावर कोरला होतास.

पण दुसरंही आठव. राणीच्या नावानं चालणारी मोठी इस्टेट यानं बाऊ देवीच्या नावावर केली, आणि कारभार बघत कोण राहिलं? याचीच बायको, शाशा. माझ्या कोठाराची किल्ली सुमनच्या कमरेला आहे, अव्या. तिनं मागितली नव्हती, मीच दिली, सोय म्हणून. मी हे तिला सांगितलं नाही, तिला वाईट वाटेल. तिनं एक दाणा हलवलेला नाही.

मग करू काय? देवळात ठेवावी म्हटलं, तर तुझं हसू इथपर्यंत ऐकू येतं, सुमेरचं सगळं तिथूनच तर सुरू झालं. शाळेची खोली गळते. रामाच्या घरात जागा नाही, पत्र्याचं एक खण, चार माणसं. वाटून टाकावी तर पावसाळ्यात त्याला कोण देणार? आणि खरं सांगतो, खोली भरलेली बघून मला बरं वाटत होतं. पहिल्या दिवशी थप्पीवर हात ठेवला तेव्हा छाती भरून आली होती, गाव आपल्यावर विसंबलंय म्हणून. त्या मडक्यातल्या माणसालाही तसंच वाटलं असेल. राखणारा आणि वसूल करणारा, दोघांचा हात थप्पीवर एकसारखाच पडतो. तू तेव्हा बरोबर होतास का? मला अजून पूर्ण पटत नाही. इनामगाव शेवटी ओस पडलं ते पाऊस हटला म्हणून, चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, इ.स.पू. 700 च्या सुमारास लोक उठून गेले. तिथं धान्य राखणं खोटं नव्हतं.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं हे मला तिसऱ्याकडून कळलं, राग आलाय. थेंब वेळेवर घाल. मिनूचे दिवस कितवे? वहिनींना सांग, बडोद्याचा चिवडा संपला. तुझी ती मडक्यांची रेखाटनं छापायची म्हणत होतास, त्याचं काय झालं?

इथे ये रे. गुरुवारी आवर्तन सुटतंय, यावेळी टेलपासून वर भिजवत यायचं असं मी लेखी लावलंय, रात्री चारीवर रामाबरोबर मीही असेन. त्यानंतर चार दिवस मोकळे आहेत. मागची खोली तू बघ आणि समोरासमोर भांड.

दोनच गोष्टी ठरवल्यात. एक, खोलीला दुसरं कुलूप लावायचं, त्याची किल्ली रामाकडे. दोन, सकाळी वही घेऊन तानूकाकूकडे जायचं. तिला वाचता येत नाही, तिच्या ओट्यावर खाली बसून सगळी पानं मोठ्यानं वाचून दाखवीन, माझी बाकीसुद्धा. तिनं "मेल्या" म्हटलं, तर तुला लगेच फोन करतो.

तुझा,
दिग्या