मसाल्याचं पार्सल आणि वहीचं पान

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू म्हणालास ना, आई इथे बंगळुरूला मालवणी मसाला ऑनलाईन दोन दिवसात घरी येतो, तू कशाला कुरियरचे पैसे घालवतेस, तेव्हा मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. खरं म्हणजे मसाला तेव्हा कुटून झालेला होता, डबा भरून किचनच्या ओट्यावर होता आणि मी आदल्या दिवसापासून शिंकत होते. मागच्या आठवड्यात डोंबिवलीहून स्लो पकडून करी रोडला उतरले आणि लालबागला गेले, मिरची गल्लीत. तुझे बाबा म्हणाले इकडे पण मसाला कुटायचे डंख आहेत की, आहेत रे, पण मला तिकडेच जायचं होतं.

तुला लालबाग म्हणजे राजाची लाईन आणि तो फ्लायओव्हर एवढंच माहीत. आमची चाळ गणेश गल्लीपासून पाच मिनिटांवर, दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही सहा जण, आणि जेवायला बारा जण वेगळे. हो, बारा. तुझी आजी खानावळ चालवायची हे तुला माहीत असेल पण ती कशी चालायची ते कधी सांगितलंच नाही मी. भाऊ, म्हणजे तुझे आजोबा, कापड मिलमध्ये सांचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. त्यांच्यासोबत गावचे बरेच जण बायकामुलं कोकणात ठेवून आलेले, एकेका गाळ्यात वीस वीस माणसं राहायची, शिफ्टप्रमाणे आळीपाळीने झोपायची, म्हणजे एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा. ह्या लोकांच्या जेवणाची सोय चाळीतल्या बायका करायच्या. सकाळी ७ ची पहिली शिफ्ट, साडेतीनला दुसरी, रात्री १२ ला तिसरी, आणि आमच्याकडे घड्याळ नव्हतंच, भोंगा झाला की आजीचा तवा चढायचा. पहाटे चारला नळ यायचा, तिथून तिचा दिवस सुरू, आणि शेवटचा माणूस जेवून भांडी घासून होईपर्यंत साडेदहा अकरा. आम्ही भावंडं शाळेतून आलो की घरात बसायला जागा नसायची, कोणी ना कोणी ताटावर असायचंच, म्हणून आम्ही गॅलरीत अभ्यास करायचो आणि गॅलरीतच भांडायचो.

जेवण काय, तर रोज भात, डाळ, तांदळाची भाकरी, आणि सुका जवळा किंवा सुक्या बोंबलाची कालवणं. बुधवारी ताजी मासळी जमली तर. रविवारी मटण, पण किती, तर सगळ्यांत मिळून दीड किलो, आणि रस्सा मात्र टोपभर, आजीचं म्हणणं माणूस पीस मोजतो पण रस्सा मोजत नाही. सोमवारी काळ्या वाटाण्याचं सांबारं. ते तुला आवडतं ना, ते खरं तर मटणाच्या दुसऱ्या दिवशीचं स्वस्तातलं जेवण होतं. आज हॉटेलात त्याची केवढीशी वाटी देतात आणि आपण फोटो काढतो.

तर हे सगळं चालायचं मसाल्यावर. वर्षाचा मसाला एकदाच, एप्रिल मे मध्ये, पावसाच्या आधी. बेडगी, संकेश्वरी, थोडी काश्मिरी, धणे, बडीशेप, खसखस, लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, तिरफळ, हळकुंडं, आणि नाव घेतलं नाही तर रुसतील असे आणखी पाच सहा. मिरच्या गच्चीवर वाळत घालायच्या, त्याला राखण मी. मग देठं काढायची, ते दोन दिवस चालायचं. आणि ते दोन दिवस आजी आम्हाला हात लावायची नाही. माझ्या दोन वेण्या लाल रिबिनी बांधून रोज तीच घालायची, पण मिरचीच्या दिवसात मी जवळ गेले की हात असे वर धरून मागे व्हायची, "जवळ येव नको गो, हाताक मिरची आसा." रात्री खोबरेल तेल लावून, ताकात हात बुडवून बसलेली आठवते मला, दिवा बंद केल्यावरही बोटांवर फुंकर मारायचा आवाज यायचा. तेव्हा मला राग यायचा, कारण वेण्या वाकड्या घातल्या की शाळेत बाई ओरडायच्या.

मग डंखावर. तिथे नंबर लावायचा आणि आपला मसाला कुटून होईपर्यंत समोर बसून राहायचं, उठायचं नाही, कारण आधीच्याचा मसाला खाली राहिलेला असतो आणि आपला थोडा त्याच्यात जातो. हे काम पण माझं. लोखंडी मुसळं धाड धाड वरखाली, सगळीकडे लाल धूळ, सगळी लाईन शिंकतेय, नाकाला ओढणी लावून मी दोन दोन तास बसायचे. बाजूच्या गल्लीतून चिवड्याच्या तळणीचा वास यायचा, त्यासाठी मला चार आणे मिळायचे. मजुरीच म्हण.

आता तुला वाटेल नुसतंच काम, मज्जा काहीच नाही. मज्जा होती रे, पण ती पण गर्दीतली. टीव्ही आख्ख्या मजल्यावर एकच, तो ज्यांचा होता ते शनिवारी मराठी पिक्चरला आणि रविवारी हिंदीला दार उघडं ठेवायचे, पुढे बसायला मिळालं तर ठीक नाहीतर खिडकीच्या गजाला लटकून. ऐन फायटिंगला "व्यत्यय" ची पाटी यायची आणि सगळे ओरडायचे. राणीबाग असायची, डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट पकडायची, खाली उकडलेल्या शेंगा. भारतमाताला पिक्चर वर्षातून एखादा, तो पण भाऊंना बोनस झाला तर.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो गणपतीतला पडदा. गल्लीत आडवा पांढरा पडदा बांधायचे आणि रात्री प्रोजेक्टरवर पिक्चर दाखवायचे. पुढची जागा संध्याकाळी सहालाच चटया टाकून भरायची. आजी मोकळी व्हायची साडेदहाला, तोपर्यंत पिक्चर अर्धा झालेला, पुढे पाय ठेवायला जागा नाही. मग आम्ही दोघी पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसायचो, तिथे थोडा चिखल असायचा पण गर्दी कमी. मागून सगळं दिसतं, फक्त उलटं. नावं उलटी, दुकानांच्या पाट्या उलट्या, हिरो डाव्या हाताने ठोसे मारतोय आणि डाव्याच हाताने जेवतोय. रीळ बदलायला थांबले की आजी तिथेच बसल्या बसल्या डुलकी काढायची, सुरू झालं की मी कोपराने उठवायचे. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यातलाच एक पिक्चर टीव्हीवर लागला, आमचा स्वतःचा टीव्ही आला होता तेव्हा, आणि आजी दहा मिनिटं बघून एकदम म्हणाली, "ह्यो तर डावरो होतो मां?" आम्ही इतके हसलो, भाऊसुद्धा हसले, आणि संपानंतर भाऊ फारसे हसत नसत.

संपाचं पण सांगते, थोडक्यात, कारण लांबवलं की मला त्रास होतो. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या युनियनचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार, सगळ्यांना वाटलं महिना दोन महिने. मी तेव्हा आठवीत. भोंगे थांबले आणि पहिले काही दिवस आम्हाला मज्जा वाटली, गल्लीत दिवसभर माणसं, कॅरम चालू. मग गाळ्यातले हळूहळू गावाला निघून गेले. जे राहिले ते आमच्याकडे जेवत राहिले, पण पैसे कुठून देणार, वहीत लिहायचं. प्रेमाताई पुरवांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं ना खानावळवाल्या बायकांसाठी, त्यामुळे आजीला आधी बँकेचं कर्ज मिळालेलं, ते ती संपातही फेडत होती, आणि तरी ताट कोणाचं बंद केलं नाही. त्या वर्षी मसाला निम्माच कुटला. रविवारचं मटण बंद, रस्सा चालू, त्यात बटाटा. भाऊ परत मिलमध्ये गेलेच नाहीत, पुढे एका दुकानात वॉचमन म्हणून लागले. लोक आता चाळीचं फार गोड गोड लिहितात, सगळे कसे एकत्र, दारं उघडी वगैरे. दारं उघडी होती कारण बंद केली तर आत गुदमरायला व्हायचं. आणि सकाळी बादली घेऊन संडासच्या लाईनीत उभं राहिलं की एकत्रपणा बरोब्बर कळायचा. मला परत तिथे राहायला सांगितलंस तर मी येणार नाही. तरीपण करी रोडला उतरले की माझी चाल बदलते, तुझे बाबा म्हणतात तू भराभर चालायला लागतेस.

ती उधारीची वही माझ्याकडे आहे. आजी गेल्यावर भावांनी दागिने भांडी वाटून घेतली, मी वही मागितली, कोणी नाही म्हटलं नाही. तिने ती कधी फाडली नाही आणि कोणाकडे वसुलीला पण गेली नाही. दोघं तिघं नंतर येऊन देऊन गेले, एकजण पैशाऐवजी गावचे काजू ठेवून गेला, बाकीचे गेले ते गेले. पण कागद वाया कसा घालवायचा, म्हणून नंतरच्या वर्षांत ती त्याच पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूला मसाल्याचं माप लिहायची, बेडगी २ किलो, संकेश्वरी १, धणे १, असं, शाळा तिसरीपर्यंतच म्हणून अक्षर मोठं मोठं. पेन जोरात दाबायची, त्यामुळे पुढची नावं मागे उमटलीत, म्हणजे खसखशीच्या ओळीत कोणाचे तरी बावीस रुपये दिसतात, उलटे, आपल्या पडद्यासारखे.

त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकलाय, मोठा करून बघ. ह्या वेळी मी माप त्यावरूनच घेतलं, फक्त सगळ्याचा चौथा भाग, तुम्ही दोघंच आहात. डब्यात वर हिंगाचा मोठा खडा आहे, तो काढून टाकू नकोस, त्याने कीड लागत नाही. ओला चमचा घालायचा नाही. फ्रिजमध्ये ठेवलास तरी चालेल पण अंधारातल्या कपाटात ठेवलास तर बरं. काळे वाटाणे पण अर्धा किलो टाकलेत, रात्रभर भिजव, कुकरच्या सहा सात शिट्ट्या घे, कमी घेतल्यास तर दगड खाल्ल्यासारखं होईल आणि मग म्हणशील आईचा मसाला बरोबर नाही.

पार्सल शनिवारपर्यंत येईल. पहिल्यांदा झाकण उघडशील तेव्हा तोंड लांब ठेव, आणि नंतर डोळ्याला हात लावू नकोस.

तुझी
आई