लिनक्स घ्या म्हणताना एवढेही सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. तेव्हापासून ‘जुना कॉम्प्युटर टाकून देऊ नका, त्यावर लिनक्स बसवा’ असा सल्ला सारखा वाचायला मिळतो. सल्ला चांगला आहे, मी स्वतः सहा वर्षे लिनक्सच वापरतो. पण ‘विंडोजचे एखादे सॉफ्टवेअर अडलेच तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत सॉफ्टवेअरनेच उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये) चालवा’ ही त्यातली एक ओळ मला फार महागात पडली.

मी सोलापूरच्या पूर्व भागात चादरी-टॉवेलची जॅकार्ड, म्हणजे विणीतच उमटणारी, डिझाइन करून देतो. माझे डिझाइनचे सॉफ्टवेअर जुने, विंडोज ७ वर चालणारे, सोबत यूएसबी डोंगल, म्हणजे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी किल्ली. ते व्हर्च्युअल मशीनमध्ये दोन वर्षे बिनतक्रार चालले. मागच्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत एका कारखानदाराची चादर सकाळी मागावर चढायची होती. किनारीतल्या मोराच्या मानेची काही घरे तेवढी भरायची राहिली होती. संध्याकाळी लिनक्स अपडेट केले, रात्री दहाला व्हर्च्युअल मशीन सुरू करायला गेलो, तर पडद्यावर चौकट आली: कर्नल ड्रायव्हर बसवलेला नाही. बाराला कारखानदाराचा फोन, “भाऊ, फाइल कुठवर आली? सातला कामगार येतील.” मला उत्तर सुचेना.

कारण नंतर कळले. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलबाहेरून, म्हणजे त्याच्या गाभ्याबाहेरून, येतो. कर्नल बदलला की ड्रायव्हर नव्याने तयार व्हावा लागतो आणि त्यासाठी त्याच कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर तयार करायला लागणाऱ्या फाइली) लागतात. माझ्याकडे ते आलेच नव्हते. सिक्युअर बूट (सुरू होताना सही तपासणारी सुरक्षा) चालू असेल आणि ड्रायव्हरवर डिजिटल सही नसेल, तरी कर्नल तो घेत नाही. कर्नल ६.१२ पासून आणखी एक भानगड आहे. केव्हीएम, म्हणजे कर्नलमधलीच व्हर्च्युअल मशीन चालवणारी यंत्रणा, लोड होतानाच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय आपल्या ताब्यात घेते, आणि कर्नलबाहेरचे सॉफ्टवेअर अडून बसू शकते.

त्या रात्री मला जुन्या कर्नलने वाचवले. कॉम्प्युटर सुरू होताना ग्रबच्या (कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल निवडला आणि मशीन उघडले. पहाटे चारला फाइल पेनड्राइव्हवर गेली. ही युक्ती आधी कुणी सांगितली असती तर रात्र गेली नसती. म्हणून कळकळीने सांगतो, जुना कर्नल पुसू नका, आणि माल द्यायच्या आदल्या दिवशी अपडेटला हात लावू नका.

पुढे मी केव्हीएमवर गेलो. ते २००७ पासून, २.६.२० या आवृत्तीपासून, कर्नलमध्येच आहे. त्यामुळे कर्नल बदलला की तेही सोबत येते. व्हर्ट-मॅनेजर हा त्याचा खिडक्या-बटणांचा प्रोग्रॅम बसवला की माउसने चालवता येते. जुन्या डिस्कची फाइल एका आज्ञेत त्याच्या नमुन्यात बदलून मिळाली. डोंगल काढून लावला तर पुन्हा जोडून द्यावा लागतो, मोठी नक्षी सरकवताना पडदा जरा अडखळतो. पण अपडेटमुळे ते अजून एकदाही बंद पडलेले नाही, आणि आम्हाला हेच हवे असते.

स्नॅपशॉटला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या त्या क्षणाच्या जपून ठेवलेल्या स्थितीला, बॅकअप समजणारेही पुष्कळ भेटतात. स्नॅपशॉट त्याच हार्डडिस्कवर, मूळ फाइलच्या आधाराने उभा असतो. हार्डडिस्क गेली की दोन्ही गेले. शिवाय स्नॅपशॉट साचून जागा भरली की चालू मशीन मध्येच थांबते. मी दर शनिवारी मशीन पूर्ण बंद करून अख्खी फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवतो.

आमच्या भागात जुन्या सॉफ्टवेअरवर धंदा चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांना लिनक्स सुचवाल तेव्हा हेही अवश्य छापा. कुणाला आपले मशीन केव्हीएमवर न्यायचे असेल तर मी शेजारी बसून करून देईन, पैसे नकोत. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. येताना डोंगल तेवढा आठवणीने आणावा.

आपला नम्र,
एक जॅकार्ड डिझायनर
पूर्व भाग, सोलापूर