मासळी रेशनवर नव्हती

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश चित्रकार एव्हलिन डनबरच्या ‘द क्यू अ‍ॅट द फिश-शॉप’ या चित्रावर लेख आला. दुसऱ्या महायुद्धातलं साधं, घरगुती जगणं रंगवणाऱ्या चित्राला मराठी वर्तमानपत्रात जागा मिळाली, याचा आनंद झाला. पण चित्राखाली ‘रेशनच्या मासळीसाठी रांग’ असं छापलं आहे आणि ते चूक आहे. ब्रिटनमध्ये मासळी कधीच रेशनवर नव्हती.

नव्हती म्हणूनच ही रांग. ८ जानेवारी १९४० पासून तिथे लोणी, साखर, बेकन यांचं रेशनिंग सुरू झालं. पुढे मांस, चहा वगैरेंची भर पडली. ज्या दुकानात नाव नोंदवलं असेल तिथे कार्डावरचा माल मिळायचा. आठवड्याला जेमतेम ५५ ग्रॅम चहा, पण तो हक्काचा. मासळीचं तसं नाही. मासेमारीच्या कितीतरी बोटी आरमाराने समुद्रातले सुरुंग काढायला नेलेल्या. त्यामुळे माल थोडा आणि आधी येईल त्याचा. केंट परगण्यातल्या स्ट्रूडच्या त्या दुकानापुढे टोपल्या घेऊन थांबलेल्या बायकांना आपल्या वाट्याला काही उरेल की नाही, हेच ठाऊक नाही. चित्रातला ताण आहे तो हा.

लेखकाची चूक समजू शकते. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग आलं, तेव्हापासून आपल्या कानाला ‘रेशन’ म्हटलं की रांगच ऐकू येते. आम्ही तर रेशनवरच्या रॉकेलसाठीही रांगा लावल्या. गाडी कधी येईल याचा नेम नसायचा. मग माणसांऐवजी डबेच नंबरात उभे करायचे. आमच्या वाड्यात सगळ्या डब्यांच्या कड्यांतून एक सुतळी ओवलेली असे, कुणी मध्येच आपला डबा घुसवू नये म्हणून. तरी घुसायचेच!

दुसरी गोष्ट. लेखात डनबरचा उल्लेख दोनदा ‘तो’ असा झाला आहे. ती बाई होती (१९०६–१९६०). ब्रिटिश सरकारच्या युद्ध-चित्रकार समितीने युद्धभर सलग काम दिलेली ती एकमेव स्त्री चित्रकार. तिच्या वाट्याला आले ते विणकाम करणाऱ्या बायका, परिचारिका, शेतावर राबणाऱ्या मुली असे विषय. खोट्या आचळांवर दूध काढायचा सराव करणाऱ्या मुलींचंही तिचं एक चित्र आहे, ते जरूर बघावं. मासळीच्या रांगेसमोरून सायकलवर जाणारा हवाई दलाच्या गणवेशातला माणूस म्हणजे तिचा नवरा. चित्रात युद्ध दिसतं ते असं, गणवेशापुरतं.

आता तक्रार. मूळ चित्र खूप आडवं, लांबलचक आहे. रांग लांब, म्हणून चित्रही लांब. आपण ते दोन कॉलमांत बसवायला दोन्ही बाजूंनी कापलं आणि रांगेचं शेपूटच गेलं. पुन्हा छापाल तेव्हा पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत छापा. हवं तर माझं हे पत्र त्यासाठी निम्मं कापा.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, मिरज