चिलखत त्या काळचे, नावे भलत्याच काळातली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऐतिहासिक व्हिडिओ गेममधली शस्त्रे आणि पोशाख किती बारकाईने घडवतात, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. मी अकरा वर्षे गेमसाठी पात्रे आणि संवाद लिहिते आहे. लेखात एक गोष्ट राहून गेली, म्हणून हे पत्र. ती म्हणजे पात्रांची नावे.

गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका गेमचा काळ होता इ. स. ९, म्हणजे जर्मनीतल्या ट्युटोबर्गच्या जंगलात जर्मानिक सरदार आर्मिनियसने रोमच्या तीन लीजन, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या, कापून काढल्या तेव्हाचा. चिलखताची कडी न् कडी अभ्यास करून काढलेली. जर्मानिक टोळीवाल्यांची नावे मात्र राग्नार, ब्योर्न आणि चक्क योहान! पहिली दोन व्हायकिंगांच्या वळणाची, कित्येक शतकांनंतरची. योहान तर ख्रिस्ती धर्माबरोबर आलेले. मला फार वाईट वाटले. चिलखत खेळणाऱ्याला अधूनमधून दिसते, पण नाव तर दर संवादात कानावर पडते.

खरी नावे हाताशी असताना ही पाळी का यावी? रोमन इतिहासकार टॅसिटसने एकाच जर्मानिक घरातली तीन नावे नोंदवली आहेत: सेगेस्टेस, त्याचा भाऊ सेगिमेरुस, मुलगा सेगिमुंडुस. 'सेगि' म्हणजे विजय, 'मेर' कीर्तिमान, 'मुंड' रक्षण. घराण्याचा धागा नावाच्या पहिल्या तुकड्यात धरून ठेवायचा, दुसरा बदलायचा. याच रीतीने मी एका सरदाराला सेगिगास्ट आणि त्याच्या मुलीला सेगिहिल्ड केले. 'गास्ट' म्हणजे पाहुणा, 'हिल्ड' म्हणजे लढाई. नाव बाईचे की पुरुषाचे, ते शेवटचा तुकडा ठरवतो: हिल्ड, गुंड बायकांचे, रिक, मुंड, मेर पुरुषांचे.

पण दोन तुकड्यांतून अर्थपूर्ण वाक्य जुळवायचा हट्ट धरू नये. सहाव्या शतकात फ्रँक या जर्मानिक लोकांच्या एका राणीचे नाव होते फ्रेडेगुंड, शांतता आणि युद्ध. त्या लोकांना ते मुळीच खटकत नव्हते.

शेवटच्या अक्षराकडे तर कुणी बघतच नाही. सेगिमुंडुसमधला 'उस' रोमन लेखणीचा, मूळ नावाचा शेवट वेगळा. डेन्मार्कच्या जटलंडमधल्या गालेहुसला सापडलेल्या, सुमारे इ. स. ४०० च्या सोन्याच्या शिंगावर ते घडवणाऱ्याने रून या जुन्या जर्मानिक लिपीत स्वतःचे नाव कोरले होते: ह्लेवागास्टिझ. शिंग १८०२ मध्ये चोरीला गेले, वितळवले गेले. नाव तेवढे नकलेतून आपल्यापर्यंत पोहोचले, शेवटच्या 'झ'सकट. हाच 'झ' गॉथ टोळ्यांच्या गॉथिक भाषेत 'स' झाला, उत्तरेत, व्हायकिंगांच्या भाषेत, 'र' झाला, फ्रँकांकडे गळून पडला. म्हणून चौथ्या शतकातला, रोमच्या सैन्यातला फ्रँक सेनापती नुसता आर्बोगास्ट. तेव्हा नावाला 'र' चिकटवला की ते जुने झाले, असे होत नाही. काळ आणि टोळी आधी ठरवावी लागते. मी माझ्या सेगिगास्टला 'सेगिगास्टिझ' करून पाहिले आणि संवाद म्हणणाऱ्या नटाकडून तीनदा म्हणवून घेतले. जीभ अडखळली नाही. तेच ठेवले.

त्या गेममधल्या पात्रांची चाळीस नावे बदलायला मला चार दिवस लागले. एका शिरस्त्राणाच्या चित्राला याहून जास्त वेळ गेला होता. आपल्या गेम-परीक्षणांत शस्त्रांबरोबर नावांविषयीही दोन ओळी येऊ द्याव्यात, ही विनंती.

आपली,
एक गेम-संवादलेखिका