स्पोर्ट्स कूपे घेताना अश्वशक्तीआधी इंजिनाचे तास विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पानावर स्पोर्ट्स कूपे गाड्यांची ओळख नेमाने येते. अश्वशक्ती किती, शून्यावरून शंभरचा वेग किती सेकंदांत, कमाल वेग किती, हे तीन आकडे प्रत्येक लेखात असतातच. पण या गाड्या पुढे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जातात आणि त्याला या आकड्यांचा काहीच उपयोग होत नाही. गाडी त्याला सुख देणार की खड्ड्यात घालणार, हे इंजिनाच्या आत काय होऊन गेले आहे, टायर किती जुने आहेत आणि ब्रेक कोणत्या अवस्थेत आहेत यावर ठरते. गाडी बघायला जाण्यापूर्वी ही माहिती वाचकाच्या हातात असायला हवी, म्हणून हे पत्र.

सुरुवात इंजिनाच्या कंट्रोल युनिटपासून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकापासून करावी. पोर्श ९११ मध्ये हे युनिट इंजिन एकूण किती तास चालले याची नोंद ठेवते. शिवाय आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मर्यादेबाहेर गेले तर त्या वेगात किती वेळा इग्निशन झाले आणि ते शेवटचे कितव्या तासाला, हेही लिहून ठेवते. ९९६ या पिढीच्या ९११ मध्ये या नोंदी वेगाच्या दोन पायऱ्यांत असतात, नंतरच्या गाड्यांत सहा. खालच्या पायऱ्यांवरचे आकडे पाहून घाबरण्याचे कारण नाही. जोरात गाडी पळवताना इंजिन लिमिटरला, म्हणजे कमाल फेरे आवरणाऱ्या यंत्रणेला टेकले, एवढाच त्यांचा अर्थ. लिमिटर त्या क्षणी इंधन तोडतो आणि इंजिन वाचते. चौथ्या ते सहाव्या पायरीवरच्या नोंदी मात्र बहुधा चुकीच्या गियरमुळे येतात. मॅन्युअल गाडीत पाचव्यातून चौथा टाकायला जावे आणि हात दुसऱ्यात पडावा, की चाकेच इंजिनाला फिरवतात. तिथे लिमिटर काही करू शकत नाही, कारण वेग इंधनाने वाढलेला नसतो. स्प्रिंग व्हॉल्व्ह वेळेत बंद करू शकत नाहीत, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर घाव बसतो.

म्हणून आकड्याइतकाच तासही पाहावा. इंजिन आज ९०० तासांवर आहे आणि वरच्या पायरीची नोंद ३०० व्या तासाची आहे, तर त्यानंतर इंजिन ६०० तास चालले आहे. तुटायचे असते तर एव्हाना तुटले असते. तरीही लीक-डाऊन टेस्ट करावी. प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती टक्के गळते ते पाहतात. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, वीसच्या पुढे गेले तर व्हॉल्व्ह, पिस्टनची रिंग किंवा गॅस्केट यांपैकी काहीतरी गेले आहे. आवाज कुठून येतो त्यावरून कोणते ते कळते: सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंग. वरच्या पायरीची नोंद शेवटच्या वीस-तीस तासांतली असेल, तर माझे मत स्पष्ट आहे, ती गाडी सोडून द्यावी.

याच तासांवरून ओडोमीटरही तपासता येतो. चाळीस हजार किलोमीटर आणि १,००० तास म्हणजे सरासरी ताशी ४० किलोमीटर, हे पटण्यासारखे आहे. वीस हजार किलोमीटर आणि १,६०० तास असे दिसले तर सरासरी साडेबारावर येते. गाडी जन्मभर कोंडीत उभी होती किंवा काटा मागे फिरवला आहे. मीटरवरचा आकडा बदलणारे लोक इंजिनाचे तास बदलायला बरेचदा विसरतात.

आता मॉडेलनिहाय दुखण्यांकडे वळतो. ९११ च्या १९९७ साली आलेल्या ९९६ च्या आणि त्यापुढच्या पिढीतल्या, २००८ पर्यंतच्या ९९७ च्या साध्या करेरा मॉडेलच्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचे (क्रँकशाफ्टकडून टायमिंग चेनला फिरवणाऱ्या मधल्या दांड्याचे) बेअरिंग हा सर्वांत चर्चेचा विषय आहे, आणि अर्धवट माहितीही याच विषयावर सर्वाधिक आहे. हे बेअरिंग सीलबंद असते, आत कारखान्यात भरलेले ग्रीस असते. उष्णतेने सील कडक होते, इंजिन ऑइल आत झिरपते, ग्रीस धुऊन निघते आणि बेअरिंग त्या अडकलेल्या जुन्या, घाण ऑइलवर चालू राहते. गोळे फुटले की शाफ्ट डगमगतो, टायमिंग चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. आधीच्या दुहेरी ओळीच्या बेअरिंगपेक्षा २००० च्या सुमारास आलेले एकेरी ओळीचे बेअरिंग जास्त नाजूक. त्यानंतर साधारण २००६ ते २००८ च्या इंजिनांत मोठे बेअरिंग आले. ते क्वचितच जाते, पण इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय बाहेरही निघत नाही. २००९ च्या मॉडेलपासून करेराच्या इंजिनात हा शाफ्टच नाही.

त्यामुळे विक्रेता “बेअरिंग बदलले आहे” असे म्हणाला तर तीन गोष्टी विचाराव्यात: कोणते बेअरिंग घातले, किती किलोमीटरवर घातले आणि बिल आहे का. बेअरिंग बदलायचे असेल तर क्लचचे काम निघेल तेव्हा बदलावे. तेव्हा गियरबॉक्स खाली उतरलेलाच असतो आणि क्रँकशाफ्टचे मागचे सीलही त्याच मजुरीत होते. त्याच काळातल्या टर्बो आणि जीटी३ गाड्यांत वेगळे इंजिन आहे, त्यांना हा त्रास नाही. पण त्यांच्या कूलंट पाइपचे जोड चिकटवलेले असतात. वर्षानुवर्षे तापून चिकटद्रव्य सुटले की जोड निखळतो आणि सगळे कूलंट मागच्या टायरखाली सांडते. वेगात असताना हे घडणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको. जोड वेल्ड करून किंवा पिन मारून घेतले आहेत का, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

कोणतीही गाडी असो, ऑइल फिल्टर उघडून पाहण्याची अट घालावी. करेराच्या इंजिनात फिल्टर म्हणजे कागदी काडतूस (कार्ट्रिज) असते. ब्लेडने त्याच्या घड्या कापून पांढऱ्या कापडावर उलगडाव्यात, ऑइल निथळू द्यावे आणि उन्हात तिरके धरून बघावे. चमकणारे कण दिसले की लोहचुंबक फिरवावे. चिकटले तर ते पोलाद, म्हणजे बेअरिंगचे गोळे किंवा चेन. न चिकटणारे रुपेरी कण ॲल्युमिनियमचे, पिवळसर असतील तर बेअरिंगच्या पत्र्याचे. तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे चेनच्या गाइडचे असतात. फिल्टर पत्र्याच्या डब्यातला असेल तर त्याचा खास कटर वापरावा. हॅक्सॉने कापला तर तिचाच कीस आत पडतो आणि चांगल्या इंजिनावर आळ येतो.

बीएमडब्ल्यू एम३ ची दुखणी निराळी. २००० ते २००६ च्या ई४६ पिढीच्या गाडीत मागची सबफ्रेम (मागचे सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बोल्टने बसते तिथला पत्रा चिरतो. गाडी लिफ्टवर घेऊन चारही जागा टॉर्चने पाहाव्यात. रंगात केसासारखी रेघ दिसली किंवा नवीन अंडरकोटिंग फक्त तेवढ्याच जागी मारलेले दिसले, तर संशय घ्यावा. त्यानंतरच्या चार लिटर व्ही८ इंजिनाच्या ई९२ पिढीत कनेक्टिंग रॉडची बेअरिंग झिजतात. जाणकार मालक आवाज येण्याची वाट पाहत नाहीत, ती आधीच बदलून घेतात, कारण आवाज येतो तोवर क्रँकशाफ्ट खराब झालेला असतो. ऑइल बदलताना नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर शिसे आणि तांब्याचे प्रमाण वाढताना दिसते. दोन्ही इंजिनांना १०डब्ल्यू-६० दर्जाचे ऑइल लागते, बाजारात मिळेल ते घालून चालत नाही. निसान जीटी-आरमध्ये गियरबॉक्स मागच्या बाजूला आहे. पुढून येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये ढिलेपणा आला की गाडी उभी असताना बेलहाउसिंगमधून (इंजिनामागच्या कवचातून) खडखड ऐकू येते. त्याने गाडी लगेच बंद पडत नाही, पण दुरुस्ती मोठी आहे. तेव्हा ती भावात धरावी.

टायरच्या बाबतीत बहुतेक खरेदीदार फसतात, कारण ते बाहेरून नक्षी पाहतात. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत झुकाव, जास्त असल्यामुळे मागचे टायर आतल्या कडेने झिजतात. चाकामागे हात घालून आतली कड चाचपावी. तार हाताला लागली तर गाडी एक मीटरही पुढे नेऊ नये. बाजूच्या भिंतीवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीवर मूळ टायर असणे हे विक्रेत्याला भूषण वाटते. माझ्या मते सहा वर्षांपलीकडचा टायर अशा गाडीवर ठेवू नये, नक्षी कितीही शिल्लक असली तरी. रबर कडक झालेले असते आणि ओल्या रस्त्यावर ते धरत नाही. चारही टायर एकाच बनावटीचे असावेत. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या टायरची झीज फार वेगळी असेल तर व्यासांचे गुणोत्तर बिघडते आणि पुढच्या-मागच्या चाकांत शक्ती वाटणारा ट्रान्स्फर क्लच सतत घसरत राहतो. हवा गार टायरमध्येच भरावी. टायर दहा अंशांनी तापला की दाब साधारण ०.१ बारने चढतो. उन्हाळी बनावटीचे टायर सात अंश सेल्सिअसखाली कडक पडतात, तेव्हा थंडीत पहाटे निघताना पहिले काही किलोमीटर जपून काढावेत.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाचे नवे ऑइल किमान २३० अंशांना उकळते, ओलावा शोषलेले १५५ अंशांनाही उकळू शकते. साध्या वापरात हा फरक कळत नाही. घाट उतरताना किंवा ट्रॅकवर मात्र पेडल अचानक मऊ पडते, कारण नळीत वाफ झालेली असते. दर दोन वर्षांनी आणि ट्रॅकवर जाण्यापूर्वी ते बदलावे. कार्बन सिरॅमिक डिस्क असतील तर त्यांची झीज नुसत्या जाडीवरून कळत नाही. डिस्कवर किमान वजन कोरलेले असते, डिस्क काढून तोलावी लागते. कडा टवका उडालेल्या आहेत का, तेही पाहावे. हे टवके बरेचदा चाक काढताना उडतात: बोल्ट निघाले की चाक डिस्कवर आपटते. एका बोल्टच्या जागी लांब गाइड पिन लावली की हे टळते. पंक्चरवाल्याकडे ती पिन नसते, म्हणून मालकाने डिकीत ठेवावी.

चालवण्याबद्दल थोडेच, पण महत्त्वाचे. पाण्याचा काटा जागेवर आला म्हणजे इंजिन तापले असे नाही. ऑइलला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. ऑइल ८० अंशांवर येईपर्यंत चार हजार आरपीएमच्या वर जाऊ नये. मागे इंजिन असलेल्या ९११ मध्ये वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडू नये. वजन पुढे सरकते, मागच्या टायरवरचा भार कमी होतो आणि गाडी मागून फिरते. वेग वळणाआधीच कमी करावा आणि वळणात ॲक्सिलरेटर हलका धरून ठेवावा. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी मदत करते, पण गुळगुळीत टायरला पकड देऊ शकत नाही. ड्युएल-क्लच गियरबॉक्सच्या गाडीत कोंडीत ब्रेक अर्धवट सोडून इंच-इंच सरकत राहिले तर क्लच घसरून तापतो. पुढे जागा होऊ द्यावी, मग एकदाच ब्रेक पूर्ण सोडून जावे. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवण्याची सवय क्लच खाते.

आणि गाडी उभी ठेवून तिची काळजी घेतली जाते, हा समज सोडावा. पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्यांनी ऑइलमध्ये पाणी आणि इंधन साठते, महिनोन्‌महिने उभे राहून बॅटरी मरते, टायर एका जागी चपटे होतात. उभी ठेवायचीच असेल तर बॅटरीला मेंटेनर (चार्ज टिकवणारा चार्जर) लावावा आणि गाडी कमी चालली असली तरी ऑइल वर्षातून एकदा बदलावे. सहा हजार किलोमीटर दहा वर्षांत चाललेली गाडी अनेकांना रत्न वाटते. नियमित चालवलेली, प्रत्येक बिल जपून ठेवलेली साठ हजार किलोमीटरची गाडी मी तिच्याआधी घेईन.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती. वापरलेल्या स्पोर्ट्स कूपेवर लेख छापताना एक चौकट जोडावी: त्या इंजिनाचे ठाऊक असलेले दुखणे आणि ते कोणत्या सालापर्यंतच्या गाड्यांत आहे, ऑइलचा दर्जा आणि किती लिटर लागते, टायरची मापे, डिस्कची किमान जाडी किंवा वजन, आणि ओव्हर-रेव्हच्या, म्हणजे आरपीएम मर्यादेबाहेर गेल्याच्या नोंदी वाचता येतात का. जागा अपुरी पडत असेल तर शून्य ते शंभरचा तक्ता काढून टाकला तरी चालेल.

आपला,
अशा गाड्यांचे काम करणारा एक वाचक