पोरांच्या पहिल्या गाडीला सायलेन्सर नको, आधी ब्रेक बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की आमच्या फोंड्यात कॉलेजच्या ऑफिसपुढे लाईन लागते आणि तेव्हाच जुन्या गाड्या विकणाऱ्यांकडेपण. पोर अठराचं झालेलं असतं, कदंबा, म्हणजे आमची गोव्याची सरकारी बस, वेळेवर येईल आणि आली तर आत शिरायला मिळेल याची खात्री नसते, आणि नवी स्कूटर घ्यायची म्हटली तर लाखाच्या घरात जाते. मग पंचवीस-तीस हजारातली जुनी अॅक्टिव्हा नाहीतर डिओ. यात वाईट काही नाही, उलट शिकाऊ पोराच्या हातात हप्त्यावरची कोरी गाडी देण्यापेक्षा हे बरंच, चार ओरखडे पडणारच आहेत ते जुनीवर पडूदेत. पण तीस हजाराची गाडी तीस हजारात पडत नाही हो. वर आठ-दहा हजार घालावेच लागतात, आणि ते नेमके कशावर घालायचे यात घरोघरी घोळ होतो. पोरगा म्हणतो आवाजाचा सायलेन्सर, एलईडी, रॅपिंग. आई म्हणते सीट कव्हर आणि गणपती. ब्रेक शू कुणाच्याच यादीत नसतात.

आधी वयाचं बोलतो, कारण सोळा वर्षांच्या पोरांना गाडी देणारे पालकही काही कमी नाहीत. कायद्यात सोळाव्या वर्षी गाडी चालवायची सोय आहे हे खरं, पण ती 50 सीसीपर्यंतच. लूना होती तेव्हा त्याला अर्थ होता. आता 50 सीसीची पेट्रोल गाडी शोरूममध्ये दाखवा मला. जुनी स्कूटी पेप छोटी दिसते म्हणून चालेल असं वाटतं लोकांना, तिचंही इंजिन 87 सीसीच्या वर आहे. सोळा-सतराच्या मुलाला ती दिली आणि पकडला गेला तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. यावर पळवाट म्हणून बॅटरीवाल्या छोट्या गाड्या घेतात, ज्यांना लायसन, नंबर काही लागत नाही. ते ठीकच आहे, पण ती सूट 250 वॅटच्या आतली मोटर आणि ताशी 25 किमीच्या आतला वेग असेल तोवरच. विकणाराच हळूच सांगतो की ही वायर काढली की चाळीसने पळते. पळते, पण मग ती कायद्याने मोटरगाडी झाली आणि वरची सगळी कलमं लागू.

आता जुनी गाडी बघायची कशी ते. गोव्यात एक वेगळीच भानगड आहे, ती बाहेरच्यांना कळणार नाही. टुरिस्टांना भाड्याने दिलेल्या स्कूटर, म्हणजे काळ्या पाटीवर पिवळे आकडेवाल्या, काही वर्षांनी पाटी पांढरी करून विकायला येतात. रंग मारलेला असतो, पॉलिश असतं, मीटर बघाल तर कमी पळालेली दिसते. जुन्या मॉडेलचा काट्याचा मीटर बदलणं म्हणजे मेस्त्रीचं काही मिनिटांचं काम, तेव्हा मीटरवर विश्वास ठेवूच नका, चावीचं भोक किती ढिलं झालंय, फुटरेस्टचं रबर आणि ब्रेकची लिव्हर किती झिजलीय ते बघा, तिथे खोटं बोलता येत नाही. आणि फ्लोअरवरचं मॅट उचलायला लावा. मी यंदा मुलीसाठी गाडी बघत फिरत होतो तेव्हा एका ठिकाणी विकणारा मॅट उचलू देईना, स्क्रू अडकलाय म्हणाला. शेवटी उचललं तर खालचा पत्रा बिस्किटासारखा, बोट दाबलं की भुगा. कळंगुट-बागाला वाळूत उभ्या राहिलेल्या गाड्यांना खारा वारा आणि वर आपला चार महिन्यांचा पाऊस, मग दुसरं काय होणार. जुनी अॅक्टिव्हा लोखंडी बॉडीची म्हणून लोक दणकट दणकट म्हणतात, पण गंज धरतो तोही लोखंडालाच. इंजिनचं काम करून घेता येतं, सडलेल्या चेसिसला वेल्डिंग मारून पोरांना फर्मागुडीच्या उतारावर पाठवू नये.

पाहिलेल्यातली जी बरी वाटली ती घेतली. टायरवर 1117 असा आकडा होता. म्हणजे तो टायर 2017 सालच्या अकराव्या आठवड्यातला. नक्षी भरपूर शिल्लक होती म्हणून विकणारा म्हणे अजून दोन वर्षं चालतील, पण बाजूने नख लावलं तर रबर कडक आणि बारीक चिरा. असा टायर उन्हात चालून जातो, पहिल्या पावसात चिखल उतरलेल्या रस्त्यावर ब्रेक मारला की कळतं. दोन्ही टायर बदलले, तीन हजारांच्या आत-बाहेर. पुढचे-मागचे ब्रेक शू आणि दोन्ही केबल. कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, कारण हँडल मधोमध आल्यावर हलकं अडकत होतं. मागचं चाक फिरवणारा बेल्ट आणि त्याचे रोलर, बेल्ट वीस-पंचवीस हजार किमीला बदलायचा असतो पण मधल्या मालकाने बदललाय की नाही हे देवाला ठाऊक, आणि तो तुटला की गाडी जाग्यावर थांबते, मग रात्री कुंडईला बसा ढकलत. पेट्रोलचा पाईपही नवा टाकला, पंपावर आता ई20 मिळतं, वीस टक्के इथेनॉल, आणि कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्यांचे रबरी पाईप-वॉशर त्या हिशेबाने बनवलेलेच नाहीत. एवढं झाल्यावर गाडी दिसायला होती तशीच दिसत होती. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढे पैसे घातले ते दिसत कुठेच नाहीत." दिसायला काय, हेल्मेट घेतलं ना आयएसआय मार्कचं, तिच्या डोक्याच्या मापाचं, फुटपाथवरचं टोपलं नव्हे.

सायलेन्सर-लाईटवाल्या पोरांसाठी एवढंच की गाडीत असे बेकायदा बदल केले तर मालकाला दर बदलाला 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. मालक म्हणजे बहुतेक वेळा बाबाच.

आणि कागद. यात आपले लोक फार ढिले. ओळखीतली गाडी आहे, नाव नंतर चढवू, असं म्हणत वर्षं जातात. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या त्याच दिवशी घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, इन्शुरन्स आपल्या नावावर करायलाही 14 दिवसच. 2018 साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या पुस्तकात ज्याचं नाव तोच मालक, गाडी विकली होती म्हणून अपघाताच्या नुकसानभरपाईतून सुटका नाही. तेव्हा विकणाऱ्यालाही याची घाई असायला हवी. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर रजिस्ट्रेशन रिन्यूचा खर्च भावातून आधीच वजा करा, कर्ज फिटलंय का, चलन बाकी आहे का ते सरकारच्या एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून बघा. भाड्याची गाडी असेल तर पाटी नुसती रंगवून पांढरी केलेली नाही ना, आरसीवर प्रायव्हेट झालीय ना, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. थर्ड पार्टी इन्शुरन्स या साईजच्या गाडीला जीएसटी धरून हजाराच्या आतच बसतो, तो वाचवून कुणी श्रीमंत झाल्याचं मी तरी पाहिलं नाही.

वाहतूक खात्याला एक विनंती या पत्रातून करतो. भाड्याच्या स्कूटर प्रायव्हेट होऊन आमच्याच मुलांकडे येतात. तर पाटी बदलायला परवानगी देताना चेसिस, ब्रेक आणि टायर तपासून त्याचा रिपोर्ट आरसीला जोडावा, म्हणजे घेणाऱ्याला तो मागून घेता येईल आणि विकणाऱ्याला मॅटचा स्क्रू अडकलाय म्हणायची सोय राहणार नाही. हे पावसाआधी सुरू झालं तर यंदाच्याच ॲडमिशनवाल्यांना उपयोग होईल.

आपला,
एक पालक, फोंडा