उस्मानी राण्यांचं आयुष्य पगारपत्रकात वाचावं

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत उस्मानी, म्हणजे तुर्कस्तानच्या ऑटोमन, सुलतानांच्या जनानखान्यावर आलेला लेख वाचला. तुर्की मालिकांमुळे हा विषय आता घरोघरी पोहोचला आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण लेखात चार शतकं एकाच दालनात कोंबली आहेत, आणि राण्यांच्या वाट्याला रूप, मत्सर आणि विषप्रयोग एवढंच उरलं आहे. या स्त्रियांना रोजचं वेतन किती, मुलगा झाल्यावर त्यांची रवानगी कुठे होई, सुलतान वारल्यावर त्यांचं काय होई, याच्या नोंदी उपलब्ध आहेत. त्या वाचल्या की वेगळंच चित्र दिसतं, आणि ते वाचकांपर्यंत जायला हवं.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जन्मानं मुसलमान असलेल्या स्त्रीला दासी करता येत नसे. म्हणून जनानखान्यातल्या बहुतेक मुली युक्रेन, बाल्कन आणि कॉकेशसकडून, धाडीत पकडून किंवा विकत घेऊन आणलेल्या असत. दासीला मालकापासून मूल झालं की ते जन्मापासून स्वतंत्र आणि औरस. त्या आईला पुढे विकता येत नसे, आणि मालक वारला की ती आपोआप मुक्त होई. उस्मानी घराण्यानं पंधराव्या शतकाच्या मध्यानंतर परक्या राजघराण्यांशी सोयरीक करणं जवळजवळ बंद केलं. त्याआधी सुलतान ओरहाननं बायझंटाइन राजकन्या केली होती, सुलतान मुराद दुसरा याच्या घरात सर्बियाची मारा ब्रांकोविच आली होती. दासीला माहेर नसतं, म्हणजे गादीवर हक्क सांगणारा सासराही नसतो. हिशेब उघड होता, आणि तो त्या मुलींच्या जन्माची किंमत मोजून केलेला होता, हेही विसरता कामा नये.

लेखात सर्वांत मोठी उणीव आहे ती 'एक आई, एक मुलगा' या रिवाजाची. मुलगा झाला की त्या स्त्रीचा सुलतानाशी शरीरसंबंध संपे. मुलगा वयात आला की त्याला अनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, एखाद्या प्रांताचा कारभार देत आणि आई त्याच्याबरोबर जाई. तिथे ती त्याचं घर चालवी, त्याच्या सल्लागारांवर नजर ठेवी, राजधानीतली माणसं धरून ठेवी. बाप गेल्यावर भावाभावांत गादीसाठी लढाई ठरलेली, आणि हरणाऱ्याचा जीव जाणार हेही ठरलेलं. अशा वेळी प्रत्येक राजपुत्रामागे एक आई अशी असे, की जिला दुसरा मुलगाच नाही. याला मत्सर म्हणणं फार उथळ आहे. मुलगा मेला तर तिचंही सगळं गेलं, इतका तो सरळ मामला होता.

सोळाव्या शतकातल्या सुलतान सुलेमानच्या मुलाची आई महीदेवरान, तिचं उदाहरण घ्या. तिचा मुलगा मुस्तफा मनिसा प्रांताला गेला तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली. १५५३ मध्ये सुलेमाननं मुस्तफाला गळा आवळून मारवलं. त्यानंतर ती बुर्सा शहरात राहिली, आणि तिथे राहत्या घराचं भाडं देण्याचीही तिला ऐपत उरली नव्हती. पुढे तिचं कर्ज फेडलं गेलं, आणि सुलेमाननंतर गादीवर आलेला त्याचा मुलगा सेलीम दुसरा याच्या काळात मुस्तफाची कबर बांधली गेली. ती वारली १५८१ मध्ये, म्हणजे मुलानंतर अठ्ठावीस वर्षांनी. आपल्या लेखात ती 'हरलेली सवत' एवढ्या दोन शब्दांत आटोपली आहे.

सुलेमानच्याच जनानखान्यातल्या हुर्रेम या दासीनं हा 'एक आई, एक मुलगा' रिवाज मोडला, आणि तिचं खरं महत्त्व यात आहे. तिला सुलेमानपासून एकाहून अधिक मुलगे झाले. १५३० च्या दशकात त्यानं तिला मुक्त करून तिच्याशी विधिवत लग्न केलं, आणि ती मुलांबरोबर प्रांतात न जाता राजधानीतच राहिली. 'हासेकी', म्हणजे सुलतानाची खास मर्जीतली स्त्री, हे पद तिच्यासाठी निघालं. पण रिवाज मोडल्याचा परिणामही झाला. मुस्तफा गेल्यावर स्पर्धेत उरलेले सेलीम आणि बायेझीद हे दोघेही तिचेच. आईनं कुणाची बाजू घ्यायची? ती एप्रिल १५५८ मध्ये वारली आणि पुढच्याच वर्षी कोन्याजवळ दोघे भाऊ फौजा घेऊन भिडले. हरलेला बायेझीद इराणला पळाला. १५६१ मध्ये तिथेच त्याला मारण्यात आलं.

आता पगार. मोजमाप आक्चे या चांदीच्या नाण्यात, आणि दररोजचं. साध्या दासीला सहा ते दहा आक्चे. हासेकी म्हणून हुर्रेमला दोन हजार. सेलीम दुसरा याची हासेकी नूरबानू हिला हजार, आणि त्याच सुलतानाच्या मुलग्यांच्या इतर आयांना फक्त चाळीस. सुलतानाची आई, म्हणजे वालिदे सुलतान, झाल्यावर नूरबानूला दोन हजार मिळू लागले. तिच्यानंतरच्या वालिदेला, साफियेला, तीन हजारांपर्यंत. जानिसारी या सुलतानाच्या खड्या फौजेच्या आगाचं, म्हणजे सेनापतीचं, वेतन पाचशेच्या आसपास होतं. यावरून या पदाची उंची कळते.

पण इथे एक खाच आहे, आणि लेखकांची गफलत नेमकी इथे होते. १५८५-८६ च्या सुमारास आक्चेतली चांदी कमी केली गेली. आधी साठेक आक्चेला मिळणारी सोन्याची मोहर मग एकशेवीसच्या घरात गेली. म्हणजे नूरबानूचे दोन हजार सुमारे तेहतीस मोहरांचे, आणि साफियेचे तीन हजार सुमारे पंचवीस मोहरांचे. आकडा वाढला, किंमत घटली. आपल्या लेखासारखं नुसते आकडे शेजारी ठेवून 'साफिये अधिक श्रीमंत' असं लिहिणं म्हणूनच चूक आहे.

'हजार राण्या' हाही असाच एक भ्रम. सेलीम दुसरा याच्या अखेरीस तोपकापी या इस्तंबूलच्या राजवाड्यात स्त्रिया होत्या जेमतेम पन्नास. १६०० च्या सुमारास पावणेतीनशे, आणि १६३० च्या दशकात चारशेच्या वर. यांतल्या बहुतेकींनी सुलतानाला जवळून पाहिलंही नसेल. त्या धुणं, कोठी, हमाम (न्हाणीघर), कॉफी, खजिना अशा खात्यांत काम करत. प्रत्येक खात्यावर एक 'उस्ता' असे, नव्या मुलींना शिकवायला 'काल्फा' असत. ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर, बहुधा नऊ, मुक्तीचा कागद देऊन, दागिने-कपडे बरोबर देऊन एखाद्या अधिकाऱ्याशी लग्न लावून देत. पुष्कळजणींचं आयुष्य असंच गेलं, आणि त्यांच्यावर कुणी मालिका काढत नाही याचं मला वाईट वाटतं.

सुलतान वारला की त्याच्या स्त्रिया जुन्या वाड्यात, हल्लीच्या बायेझीत भागात होता तिथे, जात. १५९५ मध्ये मेहमेद तिसरा गादीवर आला आणि त्यानं आपले एकोणीस भाऊ मारवले. त्यांच्या आया तिकडेच गेल्या. तिथून परत येण्याची एकच वाट होती, ती म्हणजे आपला मुलगा सुलतान होणं. सुलतान अहमद पहिला याची हासेकी क्योसेम १६१७ मध्ये तो वारल्यावर तिथे गेली आणि १६२३ मध्ये तिचा अकरा वर्षांचा मुलगा मुराद चौथा गादीवर बसल्यावर वालिदे म्हणून परतली. पुढे मुलगा आणि नातू लहान असताना राज्याचा गाडा तिनं ओढला, आणि १६५१ मध्ये सून तुर्हानच्या गटानं तिला मारलं. मात्र याच तुर्हाननं दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीच्या तोंडावर दोन किल्ले बांधून घेतले आणि साफियेनं सुरू केलेली, अर्धशतकाहून अधिक काळ रखडलेली इस्तंबूलची येनी मशीद पूर्ण केली. क्योसेमच्या खुनाला आपल्या लेखात दोन परिच्छेद आहेत, किल्ल्यांना एक ओळही नाही.

दानपत्रांबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. हुर्रेमनं जेरुसलेमला १५५० च्या दशकात अन्नछत्र घातलं. त्यासाठी गावांचं उत्पन्न लावून दिलं. सकाळी तांदळाचं सूप, संध्याकाळी गव्हाच्या भरड्याचं, बरोबर रोटी, आणि रोज चारशे गरीब जेवतील अशी तरतूद दानपत्रात केली. ते अन्नछत्र आपल्या काळापर्यंत चालत आलं आहे. तिचा पत्रव्यवहारही पाहण्यासारखा आहे. पोलंडच्या राजाला तिनं पत्राबरोबर पाठवलेल्या भेटीत होते दोन जोड सदरा-विजार पट्ट्यांसकट, सहा रुमाल आणि हात पुसायचा एक पंचा. ज्या हातानं राजकारण केलं त्याच हातानं ही घरगुती भेट निवडली असेल, असं मला वाटतं.

लेखासोबत तोपकापीच्या दालनाचा फोटो छापून खाली 'हुर्रेमचा महाल' असं लिहिलं आहे. १६६५ च्या आगीत जनानखान्याचा मोठा भाग जळाला आणि आज पर्यटकाला दिसणारी बरीचशी दालनं त्यानंतर बांधली किंवा सजवली गेली. इस्तंबूलला जाणाऱ्या आपल्या मराठी सहलींतही 'हुर्रेमचा महाल' असंच सांगितलं जातं. हुर्रेमच्या काळचं काही पाहायचं असेल तर आयासोफियाच्या समोरचा तिचा हमाम पाहावा. तो वास्तुविशारद सिनाननं १५५६ मध्ये बांधला.

शेवटचा मुद्दा मराठवाड्याचा, कारण त्याचा उल्लेख लेखात हवा होता. १९२४ मध्ये खिलाफत, म्हणजे याच घराण्याकडे असलेलं इस्लामी धर्मप्रमुखपद, रद्द झाली आणि घराणं देशाबाहेर गेलं. शेवटचा खलिफा अब्दुलमजीद याची मुलगी दुर्रुशेवार हिचं लग्न नोव्हेंबर १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस इथे निजामाच्या थोरल्या मुलाशी झालं. त्याच वेळी तिची नात्यातली बहीण निलुफर धाकट्याला दिली गेली. तेव्हा औरंगाबाद, बीड, नांदेड निजामाच्याच राज्यात होते. या दोघींच्या नावांची इस्पितळं हैदराबादेत आहेत. निलुफरच्या दासीचा बाळंतपणात मृत्यू झाला, त्यातून तिचं इस्पितळ उभं राहिलं.

पुढच्या अंकात निदान फोटोखालची ओळ आणि साफियेच्या वेतनावरचं विधान दुरुस्त करून छापावा, ही विनंती. आणि पुन्हा या विषयावर लिहून घ्याल तेव्हा लेखकाला प्रत्येक राणीच्या नावापुढे शतक लिहायला सांगावं.

आपला विश्वासू,
इतिहासाचा एक अभ्यासक,
छत्रपती संभाजीनगर